अ‍ॅटिपिकल हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम : नाशिक परिसरातील रुग्णभार

रक्त आणि मूत्रपिंड या दोहोंवर एकाच वेळी घाला घालणारा दुर्मीळ आजार. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एएचयूएस’. रोगप्रतिकार यंत्रणेतील पूरक प्रथिनांवरचा लगाम सुटतो आणि ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तुटून पडतात. आत गुठळ्या धरतात, प्लेटलेट त्यांत खर्ची पडतात, तांबड्या पेशी त्या अरुंद वाटेत फाटतात, लघवी कमी होऊ लागते. हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम हे नाव १९५५ मध्ये गॅसर व सहकाऱ्यांनी दिले. जिवाणूंच्या विषामुळे जुलाबानंतर होणारा प्रकार निराळा. एएचयूएसचे मूळ बहुधा जनुकांत असते, किंवा फॅक्टर एच या नियंत्रक प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांत. भारतीय बालरुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत हे प्रतिपिंड सापडतात. बाळंतपणानंतरही आजार उफाळू शकतो.

नाशकात पावसाळ्यात ‘पेशी कमी झाल्या’ म्हटले की घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्याही मनात आधी डेंग्यूच येतो. तो अंदाज बहुतेक वेळा खराही ठरतो, आणि पंचाईत तिथेच आहे. प्लेटलेटसोबत हिमोग्लोबिन उतरते आहे, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) चढते आहे, हे तिन्ही आकडे एकत्र पाहिले तरच संशय येतो. रक्ताच्या साध्या काचपट्टीवर तुटक्या तांबड्या पेशी दिसतात. ही तपासणी स्वस्त आहे. प्रतिपिंडांच्या व जनुकांच्या तपासणीचा नमुना मात्र बहुधा बाहेरगावी जातो. प्रतिपिंडांमुळे झालेल्या आजारात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणे आणि स्टेरॉइडसारखी औषधे लवकर सुरू झाली तर किडनी वाचण्याची आशा असते, त्यामुळे वाया गेलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. भेटायला येणारे नातलग शहाळे घेऊन येतात, तेही इथे घातक: त्यातले पोटॅशियम बंद पडत चाललेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही.

किडनी गेलीच तर डायलिसिस. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते मोफत मिळते. शहरात शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडविकारांवर उपचार होतात. पण आठवड्यातून साधारण तीन वेळा, दर वेळी चार-चार तास, शिवाय सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून एसटीने येणे-जाणे. रुग्णाबरोबर सोबतीच्या माणसाचाही रोज बुडतो. तो हिशेब कुठल्याच योजनेच्या कागदावर येत नाही.

पूरक प्रथिनांनाच आवर घालणारे एक्युलिझुमॅब हे औषध अमेरिकेत या आजारासाठी २०११ मध्ये मान्य झाले. प्रौढांना ते सुरुवातीच्या मात्रांनंतर दर पंधरवड्याला शिरेतून देतात. आधी मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जिवाणूविरुद्धची लस टोचावी लागते. मूळ औषधाचा वर्षाचा खर्च कोटींच्या घरात जातो. थोडक्यात, किडनी गेल्यानंतरची सोय सरकारी खर्चाने होते, ती वाचवणारे औषध मात्र कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे राहते.

प्रत्यारोपणाने सुटका होईल ही समजूतही इथे फसते. बहुतेक घरांत आईच आधी पुढे होते. परंतु दोष जनुकातला असेल तर तो तिच्यातही असू शकतो: नव्या किडनीत आजार परततो आणि एका किडनीवर राहिलेली आईही आजारी पडू शकते. फॅक्टर एचच्या दोषात आजार परतण्याचा धोका मोठा. एमसीपी या दुसऱ्या नियंत्रक प्रथिनाच्या दोषात तो कमी, कारण हे प्रथिन पेशींच्या आवरणातच असते आणि निरोगी दात्याची किडनी ते सोबत घेऊन येते. म्हणून दाता ठरवण्याआधी आई आणि मूल, दोघांच्याही जनुकांची तपासणी करतात.