संदर्भगणना दोषाचा उगमशोध (लिनक्स नेटवर्किंग)

संदर्भगणना दोषाचा उगमशोध : लिनक्स कर्नलच्या (संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) नेटवर्किंग विभागात सॉकेट (प्रोग्रामचे जोडणीचे टोक), नेटवर्क डिव्हाइस किंवा नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा काढलेला कप्पा) यांच्या वापराची मोजणी चुकली, तर ती चूक कोणत्या ओळीत आहे आणि कोणत्या बदलातून आली हे ठरवण्याची पद्धत.

अशी प्रत्येक वस्तू स्वतःजवळ एक आकडा बाळगते. ती कोणी वापरायला घेतली की ‘होल्ड’ने आकडा एकाने वाढतो आणि सोडली की ‘पुट’ने कमी होतो, शून्य झाला की मेमरी मोकळी होते. सोलापुरात सायझिंगमधून (सुताला खळ देण्याच्या कारखान्यातून) यंत्रमागांवर जाणाऱ्या आणि रिकाम्या होऊन परतणाऱ्या बीमांची (सूत गुंडाळलेल्या रुळांची) वही अशीच चालते. ‘पुट’ राहून गेला तर गळती होते. तो जास्तीचा झाला, तर वस्तू वापरात असतानाच तिची मेमरी सुटते. गळतीलाही किरकोळ समजू नये. आकडा वाढवत नेऊन उलटवला की तो पुन्हा शून्यावर येतो. कर्नलच्या की-रिंग (गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या) विभागातला सीव्हीई-२०१६-०७२८ (सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) हा दोष याच वाटेचा. पुढे २०१७ मध्ये आलेला ‘रेफकाउंट’ प्रकार मर्यादा गाठताच आकडा तिथेच गोठवतो.

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या टॉवेल कारखान्याचा सर्व्हर कंटेनरांवर (एकाच यंत्रावर प्रोग्राम वेगवेगळे ठेवणाऱ्या कप्प्यांवर) चालत असेल, तर गळतीची खूण कंटेनर बंद करताना दिसते. ‘वेटिंग फॉर एलओ टू बिकम फ्री, यूसेज काउंट = १’ (‘एलओ’ म्हणजे यंत्राचे स्वतःशी बोलणारे लूपबॅक डिव्हाइस) ही ओळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, दर दहा सेकंदांनी उमटत राहते. ती डिव्हाइसचे नाव सांगते, पण संदर्भ कोणी धरून ठेवला ते सांगत नाही. चूक घडते ती बहुधा कितीतरी आधी, एखाद्या त्रुटीच्या वाटेवर, जिथे फंक्शन ‘पुट’ न करताच परतते. कोड वाचताना नजर आधी तिथे जावी. कर्नल ५.१७ (२०२२) पासून कर्नलच्या नेटवर्किंगचे विकासक एरिक ड्यूमाझे यांचा रेफरन्स ट्रॅकर, तो सुरू असेल तर, त्याला जोडलेल्या प्रत्येक ‘होल्ड’चा कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनांतून तिथे पोहोचलो ती साखळी) जपून ठेवतो आणि न सुटलेला संदर्भ कुठे घेतला होता ते दाखवतो. या कामात त्याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही.

ओळ सापडली तरी ती कधी आली हे उरतेच. त्यासाठी कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ची ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा कमिटांची (नोंदवलेल्या बदलांची) रांग दर वेळी निम्मी करते. १६,००० कमिटांना सुमारे १४ चाचण्या पुरतात. खास यंत्रसामग्री लागत नाही. क्यूईएमयू (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) आणि आभासी डिव्हाइसांची जोडी असली, तर सोलापुरातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी हे लॅपटॉपवर करू शकतो. मात्र दोष कधीमधीच दिसणारा असेल, तर एका चुकीच्या ‘गुड’ने (‘इथे दोष नाही’ या शेऱ्याने) पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर चाचणी पुनःपुन्हा चालवावी लागते. शिवाय बायसेक्टने दाखवलेले कमिट दोषाचे मूळ असेलच असे नाही. ‘रेफकाउंट’कडे वळवणाऱ्या बदलांनी जुन्या चुकांवर इशारे छापायला सुरुवात केली, तिथे बायसेक्ट त्या बदलांकडे बोट दाखवते, चूक मात्र त्याहून जुनी असते. अशा वेळी प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’ने ती ओळ मागे मागे न्यावी लागते.

उगम ठरला की दुरुस्तीत मूळ कमिटचे नाव सांगणारी ‘फिक्सेस’ ही ओळ लिहितात. कोणत्या स्थिर आवृत्त्यांना दुरुस्ती हवी हे देखभाल करणारे तिच्यावरून ठरवतात. कर्नलचा गिटमधला इतिहास एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२-आरसी२ पासून सुरू होतो. त्याआधीपासून असलेल्या दोषांच्या ‘फिक्सेस’मध्ये तेच पहिले कमिट लिहिले जाते.