कुत्र्याचा हिवाळी निवारा

शेतावर, अंगणात किंवा गोठ्यालगत बाहेरच राहणाऱ्या कुत्र्याला थंडी सोसता यावी म्हणून केलेली जागा, अंथरूण व आहार यांची व्यवस्था. या नोंदीत दख्खनच्या पठारावरचा हिवाळा धरला आहे. ही थंडी बर्फाची नाही, रात्रीची आहे. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन अंधार पडताच भराभर निवते. नाशिक जिल्ह्यात निफाड परिसरात पहाटे पारा ५° से.च्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि दुपारी तोच पारा २५° से.च्या पुढे जाऊ शकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात. कुत्र्याची खरी कसोटी पहाटे तीनपासून ऊन अंगावर येईपर्यंत असते. नेमके तेव्हा घरचे झोपेत असतात, म्हणून रात्री नऊला ठीक वाटलेली सोय पहाटे टिकते का, हे सहसा कोणी पाहत नाही.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९.२° से. असते. निवाऱ्यात उष्णता निर्माण करणारा तो स्वतःच. निवाऱ्याने फक्त ती राखायची असते. म्हणून तीन गोष्टी महत्त्वाच्या : जागा कोरडी हवी, वारा अडलेला हवा आणि आतली पोकळी लहान हवी. तिसरी बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित. हौसेने ऐसपैस खोली बांधली जाते आणि आतली सगळी हवा तापवणे एकट्या कुत्र्याला झेपत नाही.

सोय नसली की कुत्री आपली सोय आपण बघतात. कडब्याच्या गंजीच्या वारा न लागणाऱ्या अंगाला खळगा करतात, कुजण्याच्या क्रियेने उबदार असलेल्या उकिरड्यावर बसतात, विझल्या शेकोटीच्या राखेत अंग दुमडून घेतात. राखेखाली निखारे असतात. पंजे व शेपूट भाजण्याचे हे नेहमीचे कारण आहे. शेकोटी झाली की राखेवर पाणी मारावे. मोटारीखाली इंजिनाच्या उबेला पिल्ले बसतात, तेव्हा सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारून खाली वाकून पाहावे.

खोपटे : खांद्याशी सुमारे ५० सेंमी. उंच गावठी कुत्र्याला आतून ९० सेंमी. लांब, ६० सेंमी. रुंद व ६५ ते ७० सेंमी. उंच जागा पुरते. त्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि अंग दुमडून झोपता यावे, एवढेच माप. दार ३० सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच, लांब बाजूच्या एका टोकाला ठेवावे, म्हणजे दुसऱ्या टोकाशी वारा पोहोचत नाही. उंबरा १२ सेंमी.चा हवा, नाहीतर आत अंथरलेले काड (वाळक्या काड्या) दोन दिवसांत अंगणात पसरते. हिवाळ्यातला वारा बहुधा उत्तर व ईशान्येकडून येतो आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दार दक्षिणेला केले की दोन्ही साधते. दारावर गोणपाटाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर १० सेंमी. येतील अशा टांगून खालच्या कडेला काठी शिवावी.

तळ जमिनीपासून १० ते १५ सेंमी. उचललेला असावा. चार कोपऱ्यांत चार विटा ठेवून काम भागवले, तर तळाखालून वारा वाहतो आणि कुत्र्याचे पोट गारठते. उत्तरेची बाजू विटा लावून बुजवावी. भिंतींना १२ मिमी. प्लायवूड चालते. त्यात २५ मिमी. थर्माकोल घालायचा तर दोन्ही अंगांनी फळी हवी. उघडा थर्माकोल कुत्रे कुरतडते आणि त्याचे तुकडे आतड्यात अडकतात. नुसत्या पत्र्याचे छप्पर हा सर्वांत वाईट पर्याय : रात्री तो हवेपेक्षाही गार होतो, श्वासाची वाफ त्याला आतून लागून थेंब पडतात आणि पहाटे अंथरूण ओले सापडते. पत्राच वापरायचा असेल तर खाली फळी व वर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. वळचणीखाली दक्षिणेकडे २-३ सेंमी.ची दोन भोके ओल बाहेर जाण्यासाठी ठेवावीत. छप्पर बिजागरीवर उघडणारे केले तर सफाई होते. खिळे ठोकून बंद केलेले खोपटे कोणी साफ करत नाही.

स्वस्तात करायचे तर २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा पिंप आडवा ठेवतात. झाकणाच्या बाजूला दार कापावे, खालचे १२ सेंमी. सोडावेत, कडा कानशीने घासाव्यात, दोन्ही बाजूंना विटांची पाचर द्यावी आणि तोंडाकडे किंचित उतार ठेवावा. कीटकनाशक किंवा रसायनाचा पिंप कितीही धुतला तरी वापरू नये. दुपारी उन्हात पिंप भट्टीसारखा तापतो, म्हणून वर सावली लागते.

अंथरूण : सर्वांत चांगले गव्हाचे काड. काडी पोकळ असते, हवा धरून ठेवते, पाणी फारसे शोषत नाही आणि कुत्र्याला त्यात घुसून अंगाभोवती कडे करता येते. वरील मापाच्या खोपट्याला ४ ते ५ किलो लागते; दबल्यावर थर १५ ते २० सेंमी. राहिला पाहिजे. गहू निघतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे हिवाळ्यात हाताशी येणारे काड गेल्या वर्षीचे असते. बुरशीचा वास आला तर ते टाकून द्यावे. भातपट्ट्यात ताजा पेंढा मिळतो, तोही चालतो. ज्वारीचा कडबा टणक, टोचणारा. भुसा नाकाडोळ्यांत जातो.

गोधडी किंवा जुने ब्लँकेट मायेने दिले जाते, पण बाहेर ते नडते. दव, ओले पाय व श्वास यांची ओल ते धरून ठेवते आणि ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. सकाळी काडात कोपरापर्यंत हात घालावा. तळाशी ओलसर लागले तर त्याच दिवशी बदलावे. एरवी आठवड्यातून एकदा उन्हात पसरावे आणि १० ते १५ दिवसांनी नवे घालावे, नाहीतर पिसवा व गोचीड होतात.

कारवानी, मुधोळ अशा शिकारी जातींचे केस आखूड, कातडी पातळ आणि अंगावर चरबी बेताची; त्यांना गावठी कुत्र्यापेक्षा लवकर हीव भरते. म्हातारी आणि आजारी कुत्रीही त्याच वर्गात. अशांना गुरांना घालतात तशी झूल शिवता येते : लांबी पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, छाती झाकलेली, पोटाखालच्या पट्टीत दोन बोटे सहज जावीत. ऊन आले की झूल काढायचीच. ओली झाली तर लगेच. हिवाळ्यात केस भादरू नयेत, आंघोळ टाळावी, घातलीच तर भर दुपारी.

आहार : १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ९०० ते १,००० किलोकॅलरी लागतात. कडाक्याच्या दिवसांत बाहेर राहणाऱ्याला साधारण पाव हिस्सा वाढवावा, म्हणजे बाजरीची एक भाकरी जास्त, किंवा अर्धी भाकरी व दोन चमचे तेल. मुख्य जेवण रात्री द्यावे. बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या तर वाढवलेले कमी करावे. कांदा-लसणाचा रस्सा कालवू नये, कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. रम किंवा ब्रँडी पाजण्याची पद्धत घातक आहे : दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते.

पिल्ले : गावठी कुत्र्यांचा माज भाद्रपदाच्या सुमारास येतो आणि गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, त्यामुळे पिल्ले थंडीच्या तोंडावर जन्मतात. पहिल्या आठवड्यात त्यांना कुडकुडताही येत नाही. जागेचे तापमान पहिल्या आठवड्यात २९ ते ३२° से. असावे, पुढे हळूहळू उतरवत चौथ्या आठवड्यापर्यंत २४° से.च्या आसपास आणावे. पिल्ले एकमेकांवर चढून बसली तर गारठलेली, विखरून झोपली तर पुरेशी ऊब. गारठलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नये; ते पचत नाही, फुप्फुसात जाण्याचाही धोका असतो. आधी अंगाशी धरून तासाभरात सावकाश ऊब द्यावी.

काडात लोंबता बल्ब सोडणे म्हणजे आगीला आमंत्रण, आणि बंद जागेत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवता येते, पण निवल्यावर ती काढली पाहिजे.

शरीराचे तापमान ३७° से.च्या खाली गेले की धोका सुरू होतो. कुडकुडणे थांबून कुत्रे सुस्त पडले, तर ते सावरले असे समजू नये. ही पुढची पायरी आहे. त्याला कोरडे करून आडोशाला न्यावे, आधी छाती-पोट उबवावे, पाय चोळू नयेत, गरम पाण्यात बसवू नये, आणि पशुवैद्यकाला गाठावे.

बांधलेल्या कुत्र्याची साखळी खोपट्याच्या आतल्या टोकापर्यंत व सकाळच्या उन्हापर्यंत पोहोचली पाहिजे. पाळीव प्राण्याला पुरेसा निवारा न देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. फेब्रुवारी सरताना काड काढून टाकावे, फळ्या उन्हात वाळवाव्यात आणि दारावरचे गोणपाट उतरवावे, कारण मार्चच्या उन्हात तेच खोपटे कुत्र्याला कोंडते.