मोठी प्रवासी जेट विमाने : उंची, वेग आणि आकार

बोइंग ७७७ किंवा एअरबस ए३८० यांसारखी मोठी प्रवासी जेट विमाने साधारणपणे ३१,००० ते ४१,००० फूट उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात. त्यांची उंची, वेग आणि आकार या तीन बाबी एकमेकींपासून सुट्या करून समजत नाहीत. एक ठरली की उरलेल्या दोघींना फारशी मोकळीक राहत नाही.

विमान हवेत राहते ते पंखांमुळे. पुढे जाताना पंख हवेला खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. त्याच वेळी पंखाच्या वरच्या बाजूचा दाब खालच्या बाजूपेक्षा कमी झालेला असतो. ही दोन वेगळी कारणे नसून एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. शालेय पुस्तकांत बहुधा दुसरे तेवढेच येते, त्यामुळे पंख हवेला खाली ढकलतो हा मुद्दा निसटतो. ही उचल हवेच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

इतक्या उंचीवर जाण्याचे कारण याच नियमात आहे. ३५,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १०,७०० मीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असते. तिथे तेवढेच वजन पेलायला विमानाला सुमारे पावणेदोन पट वेगाने जावे लागते, पण हवेचा रोध जवळपास तेवढाच राहतो. एकाच रोधात जास्त अंतर कापले जाते, म्हणून इंधन वाचते. बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली असते आणि थंड हवा जेट इंजिनाला मानवते.

मग आणखी वर का जाऊ नये? त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०७० किलोमीटरपर्यंत उतरतो. विमान त्याच्या ८४–८५ टक्क्यांवर पोहोचले की पंखांवरून वाहणारी हवा काही ठिकाणी ध्वनीपेक्षा वेगवान होते, आघात तरंग (हवेच्या दाबाचे एकाएकी बसणारे धक्के) निर्माण होतात आणि रोध झपाट्याने वाढतो. पंख मागे कललेले असतात ते हे संकट थोडे पुढे ढकलण्यासाठी. दुसरीकडे, हवा जितकी विरळ तितका तरंगून राहण्यासाठी लागणारा किमान वेग वाढतो. वर जाताना या दोन मर्यादा एकमेकींच्या जवळ येत जातात. आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून केबिनमध्ये दाब राखतात; तो ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील हवेइतका असतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. लांबच्या प्रवासात प्रवासी त्याहून विरळ हवेत बसलेला असतो.

कोल्हापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिकडून दक्षिणेला निघालेली विमाने इथवर येईतो बहुधा चढण संपवून समपातळीत आलेली असतात. रंकाळ्यावर उभे राहून डोक्यावरच्या ७७७ कडे पाहिले, तर ते ७४ मीटर लांबीचे धूड चंद्रबिंबापेक्षाही किंचित लहान दिसते. त्याचा आवाज खाली पोहोचायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात विमान सात-आठ किलोमीटर पुढे गेलेले असते, म्हणून आवाज मागच्या रिकाम्या आकाशातून आल्यासारखा वाटतो. मागे उमटणारी पांढरी रेघ धुराची नसते. इंजिनातून निघालेली वाफ गोठून झालेले ते बर्फाचे कण असतात.

आकाराची कमाल ए३८० ने गाठली : लांबी ७२.७ मीटर, पंखविस्तार ७९.८ मीटर, उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ५७५ टन. पंखविस्तार ऐंशीच्या आत ठेवला, कारण मोठ्या विमानतळांवरील जागा ८० मीटरच्या चौकटीत आखलेल्या असतात. २००७ मध्ये सेवेत आलेल्या या विमानाचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. दोनच इंजिने असलेल्या ७७७-३००ईआरचे कमाल वजन सुमारे ३५१ टन; त्यात इंधनच १४५ टनांपर्यंत असू शकते आणि ते मुख्यतः पंखांत साठवतात. इंधन जळून वजन घटत जाते तसे विमान टप्प्याटप्प्याने वर चढवतात. इंजिने बंद पडली तरी असे विमान दगडासारखे कोसळत नाही. २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिकवर दोन्ही इंजिने बंद पडलेले एअरबस ए३३० सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोर्स बेटांवर उतरले. विमानातील सर्व ३०६ जण वाचले. कोल्हापूर–बेळगाव अंतर याहून कमी आहे.

ही विमाने कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळावर उतरत नाहीत. इथली १,३७० मीटरची धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली गेली. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर आहे. पूर्ण भरलेल्या मोठ्या जेटला जमीन सोडण्यापूर्वी ताशी २८० किलोमीटरच्या पुढे वेग घ्यावा लागतो. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच असल्याने हवा मुळातच थोडी विरळ असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात आणखी विरळ होते. पंखांची उचल घटते, इंजिनांचा जोरही घटतो आणि धाव लांबते. एटीआर ७२ हे फिरत्या पंख्यांचे (प्रोपेलरचे) विमान किंवा एम्ब्रेअरची छोटी जेट विमाने मात्र एवढ्या लांबीत उडू शकतात.