पट्टीच्या भाषेत = उशिरा का आलं

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर बसणाऱ्या पोरांनी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा माल विक्रीच्या हिशोबाचा कागद, काढायला जी छोटी स्क्रिप्टिंग भाषा घरच्या घरी बनवली, तिच्यात जर-तर, लूप वगैरे नेहमीचंच आहे, ते सांगत बसत नाही. भांडण झालं ते एकाच गोष्टीवर, व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या खान्यात, व्हॅल्यू टाकायची कशी.

भांडण तसं जुनंच. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेने सरळ = घेतलं, अल्गोलवाल्यांनी := काढलं, पास्कलनं १९७० मध्ये तेच उचललं. सी भाषेत टाकायला = आणि दोन व्हॅल्यू सारख्या आहेत का ते तपासायला ==, हे आलं तिच्या आधीच्या बी भाषेतून, आणि तिथं कारण काय दिलं तर प्रोग्राममध्ये तपासण्यापेक्षा टाकायचं काम साधारण दुप्पट वेळा येतं, मग त्याचं चिन्ह निम्मं असावं. म्हणजे सगळा टायपिंगचा हिशोब!

आमच्याकडं पण टायपिंगच आडवं आलं. पोरं इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करायलीत, आणि तिथं = च्या बटणावर ृ येतो, सी मध्ये आज्ञा संपवणाऱ्या सेमीकोलनवर च, ब्लॉक बांधणाऱ्या महिरपी कंसांच्या जागी ढ आणि ञ. सोयाबीनच्या सीझनमध्ये दर ओळीला कीबोर्ड कोण बदलत बसंल? म्हणून पहिल्या व्हर्जनमध्ये चिन्हंच काढून टाकली:

भाव मध्ये ४५०० ठेव
जर कट्टे १०० पेक्षा जास्त असेल तर
हमाली मध्ये ६०० ठेव
बास

ओळ संपली की आज्ञा संपली, जर-तरचा ब्लॉक संपला की बास. पॉलिटेक्निकची पोरं तेव्हाच म्हणाली की उद्या पायथन भाषा शिकायचीय तर हे वेगळं काहून शिकायचं. मला तर हा मुद्दा उगंच वाटतो, पट्टी काढणाऱ्याला पायथनशी काय घेणं. खरी अडचण वेगळीच निघाली. माणसं 'भाव मध्ये' असं तोडून लिहितच नाहीत, 'भावामध्ये' नाहीतर 'भावात' लिहितात, आणि मशीनला भाव आणि भावात ही दोन वेगळी व्हेरिएबलं. एरर पण यायची नाही, नवीन व्हेरिएबल गुपचूप तयार व्हायचं आणि पट्टीत भाव शून्य! प्रत्यय ओळखून काढायचा प्रयत्न झाला, पण मग तोलाई, तोलाईत ठीक, वजन, वजनात ठीक, पण पोतं म्हणलं की पोत्यात, तिथं नियमच बदलतो. शेवटी 'मध्ये' काढलं आणि 'भाव ४५०० ठेव' एवढंच राहिलं.

मग सगळे मोबाईलवर टाइप करायला लागले, तिथं चिन्हांच्या पानावर = समोरच असतं, तर पॉलिटेक्निकवाल्यांचं फावलं. आता दोन्ही चालतं. ओळीच्या सुरुवातीला 'भाव = ४५००' म्हणजे टाकणं आणि जर च्या आत = म्हणजे तपासणं, जसं बेसिक भाषेत पहिल्यापासून आहे. ठेव काढून टाकायची मागणी अधूनमधून होते, पण जुन्या पट्ट्यांच्या फायली सगळ्या ठेव वरच आहेत.