बोटं पांढरी पडतात तेव्हा

जानेवारीतली सकाळ, नाणेघाटाजवळचा वानरलिंगी सुळका. तापमान फार तर १२-१३ अंश असेल, लडाखच्या माणसाला हसू येईल इतपतच थंडी. कातळ मात्र रात्रभर गारठलेला. वीसेक फूट चढले असेन, तोच डाव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली, मेणबत्तीसारखी. पांढरं कुठे संपतं आणि माझा नेहमीचा रंग कुठे सुरू होतो, ते रेघ मारल्यासारखं स्पष्ट. बोटं खाचेत आहेत हे दिसत होतं, जाणवत नव्हतं. खाली उतरल्यावर ती आधी निळसर झाली, मग लालबुंद, आणि मग असा ठणका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

याच रंगबदलाचं वर्णन मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात केलं. म्हणून या त्रासाला त्याचं नाव. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो.

गंमत अशी की बोटांमध्ये ऊब तयार करणारे स्नायू जवळजवळ नसतातच. मूठ आवळणारे दणकट स्नायू कोपराखाली असतात, बोटांपर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या. म्हणजे बोटांना ऊब मिळते ती रक्तातून आलेलीच. थंडी वाजली की शरीर हृदय-फुप्फुसं सांभाळतं आणि बोटांकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आवळून घेतं. हे सगळ्यांचंच होतं. पण धडधाकट माणसाचं बोट बर्फाच्या पाण्यात ठेवलं, तर पाच-दहा मिनिटांनी त्या धमन्या थोड्या वेळापुरत्या पुन्हा उघडतात. थॉमस लुईस या ब्रिटिश डॉक्टरने १९३० साली हे दाखवून दिलं. रेनॉवाल्यांच्या धमन्या किरकोळ गारव्यानेही गच्च आवळतात आणि लवकर सुटत नाहीत. भीतीनेही आवळतात, आणि सुळक्यावर भीतीला काय तोटा!

त्यात चढाईची भर. हात हृदयापेक्षा अर्धा मीटर वर गेला की मनगटापाशी रक्तदाब ३५ ते ४० मिलिमीटरने उतरतो. वर आपण घाबरून पकड गरजेपेक्षा घट्ट धरतो, म्हणजे उरलासुरला प्रवाहही दाबून टाकतो.

मी आधी जाड हातमोजे घेतले. पैसे वाया. गोधडी ऊब निर्माण करत नाही, असलेली राखते, मोज्याचंही तेच. बोटं गार असतील तर मोजा गारवाच सांभाळून ठेवतो. खरा उपाय छातीशी आहे. धड पुरेसं उबदार असलं की शरीर हातांकडे रक्त सोडायला राजी होतं. म्हणून बिले देताना, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळताना, थंडी वाजायच्या आधीच जाड जाकीट अंगावर हवं. कानटोपी हवी, मनगटं झाकलेली हवीत आणि पोटात काहीतरी गेलेलं हवं. पायथ्याशी सिगारेट ओढणाऱ्यांना सांगायचं तर निकोटीनही त्याच धमन्या आवळतं.

हात पवनचक्कीसारखा खांद्यातून गरागरा फिरवणं हास्यास्पद दिसतं, पण त्यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. सेकंदाला एक फेरी घेतली तरी बोटांच्या टोकांशी गुरुत्वाकर्षणाच्या अडीच-तीनपट ओढ लागते आणि रक्त तिकडे ढकललं जातं. हात गरम करायच्या पुड्याही कामाच्या आहेत. त्यातली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि ऊब देते. घट्ट मोज्यात कोंबली तर हवेअभावी ती थंडावते. मी ती मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवते, जिथे नाडी लागते.

हिमालयात मात्र खेळ वेगळा. तिथे मांस खरोखर गोठतं. १९५० साली अन्नपूर्णेहून उतरताना मॉरिस हर्झोग या फ्रेंच गिर्यारोहकाचे हातमोजे निसटले आणि पुढे त्याला बहुतेक सगळी बोटं गमवावी लागली. गोठलेलं बोट चोळू नये, बर्फाने तर मुळीच नाही. ते पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवावं. आणि बोटं पांढरी पडणं तिशीनंतर अचानक सुरू झालं, एकाच हाताला होत असलं किंवा टोकांना जखमा होत असल्या, तर थेट डॉक्टरकडे जावं. मागे दुसरा आजार दडलेला असू शकतो.

वानरलिंगीला पुन्हा गेलो तेव्हा कातळावर ऊन येईपर्यंत मी हट्टाने थांबले. जाकीट घालून पायथ्याशी येरझाऱ्या घातल्या, हात गरागरा फिरवले. बिले देणारा मित्र म्हणाला, ‘‘अगं, उडून जाशील!’’ त्या दिवशी बोटं शेवटपर्यंत गुलाबी राहिली. पोटऱ्या मात्र लटलट कापत होत्या.