मॅजिनो रेषा खरंच फुकट गेली का?

फ्रान्सने चढाई सोडून सारा पैसा मॅजिनो रेषेत, म्हणजे जर्मन सीमेवरच्या तटबंदीत, गाडला आणि जर्मन फौजा तिला बगल देऊन आरामात निघून गेल्या, ही गोष्ट अजून फिरते. अर्धीच खरी आहे. पहिल्या महायुद्धात चढाईच्या हट्टापायी अख्खी पिढी गेली, म्हणून १९३० च्या सुमारास ही भुयारी तटबंदी उभी राहू लागली. शत्रूला बेल्जियमकडे वळवणं हेच तिचं काम, आणि तो वळलाही! घोळ पुढे झाला. उत्तम फौजा बेल्जियमात धाडल्या. आर्देनच्या जंगलालगत, सेदां या फ्रेंच गावापाशी, दुय्यम तुकड्या उरल्या. १३ मे १९४० ला तिथेच खिंडार पडलं. जमिनीखाली तीस मीटरपर्यंत खोल गेलेला, या रेषेतलाच शोननबुर्ग किल्ला मात्र झुंजत राहिला. युद्धबंदीनंतर, वरून हुकूम आला तेव्हाच, १ जुलैला त्याने शस्त्रं ठेवली.