मूव्ह ओव्हर कायदा

रस्त्याच्या कडेला दिवे चमकवत उभ्या असलेल्या पोलीस गाडीजवळून, रुग्णवाहिकेजवळून किंवा अग्निशमन बंबाजवळून जाताना चालकाने लगतची लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जावे आणि ते जमत नसेल तर वेग उतरवावा, असे बंधन घालणारा वाहतूक कायदा. सायरन वाजवत मागून येणाऱ्या वाहनाला वाट देण्याचा नियम निराळा, आणि बराच जुना. थांबलेल्या गाडीभोवती पायी वावरणाऱ्या माणसाचा विचार कायद्याने फार उशिरा केला.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातील लेक्सिंग्टन येथे २८ जानेवारी १९९४ रोजी अपघातस्थळी मदतीला गेलेल्या एका पॅरामेडिकला गाडीने उडवले. तो वाचला, पण चौकशीत दोषी ठरला तोच! हा अन्याय त्याने मुकाट्याने सोसला नाही. त्याच्या पाठपुराव्यातून १९९६ मध्ये त्या राज्याने असा पहिला कायदा केला. इलिनॉय राज्यातला कायदा ‘स्कॉट्स लॉ’ म्हणून ओळखला जातो. शिकागो अग्निशमन दलाचे लेफ्टनंट स्कॉट गिलन डिसेंबर २००० मध्ये महामार्गावर अपघातस्थळी काम करत असताना मद्यधुंद चालकाच्या गाडीची धडक बसून मरण पावले, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. २०१२ मध्ये हवाईने कायदा केल्यावर अमेरिकेची पन्नासही राज्ये त्याखाली आली. कॅनडात ओंटारिओ प्रांताने २००३ मध्येच तो स्वीकारला होता.

वेग किती उतरवायचा, यावर मात्र एकमत नाही. टेक्साससारख्या राज्यात तो सामान्यतः वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैलांनी कमी ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने सप्टेंबर २०१८ पासून सरसकट ताशी ४० किलोमीटरची मर्यादा घातली. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. ४०वर आणली की तिची गतिज ऊर्जा जेमतेम १६ टक्के उरते. हेतू चांगलाच होता, पण भरधाव रस्त्यावर पुढच्याने एकदम ब्रेक दाबला तर मागचा ट्रक त्याच्यावर आदळण्याची भीती. म्हणून सुमारे वर्षभरानंतर ताशी ९० किलोमीटर किंवा त्याहून जास्त मर्यादेच्या रस्त्यांसाठी नियम बदलून ‘परिस्थितीनुसार सुरक्षित वेग’ आणि पुरेसे अंतर एवढीच अट ठेवली गेली. ही दुरुस्ती योग्यच म्हणावी लागेल.

टोइंगवाल्यांना हे संरक्षण अनेक ठिकाणी नंतर मिळाले, जरी तेही त्याच कडेला वाहतुकीकडे पाठ करून वाकलेले असतात. ओंटारिओने त्यांचा समावेश २०१५ मध्ये केला. फ्लोरिडात जानेवारी २०२४ पासून इशारादिवे लावून थांबलेल्या सामान्य नादुरुस्त गाडीलाही हा नियम लागू झाला.